आधी उतार, मग चढ : भटकंतीचे तुमचे प्रश्न

प्रश्न (टिळकवाडीहून एक वाचक) : नमस्कार. दिवाळी संपल्यावर दोन दिवस सुट्टी जुळून आलीय, आम्ही दोन घरं मिळून मोठी माणसं सहा, पोरं चार, शिवाय सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात पण घरी थांबायला त्या तयार नाहीत. भीमगड, वज्रपोहा धबधबा, दूधसागर, आंबोली आणि जमलं तर दांडेली असं ठरवलंय. दोन दिवसांत बसेल काय? पोरांनी दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला केलाय त्यामुळे आता खरा गड चढायचाच म्हणून हट्ट धरून बसलीत.

उत्तर : बसेल की, पण गाडीतच. बेळगावातून आंबोली एका बाजूला सत्तरेक किलोमीटर आणि दांडेली उलट बाजूला नव्वदेक, मधे घाटरस्ते, चहाचे थांबे, एका पोराला तरी गाडी लागणारच, म्हणजे दोन दिवसांत पाय किती चालणार आणि चाकं किती फिरणार याचा हिशोब तुम्हीच करा. ही यादी या खेपेला बाजूलाच ठेवा. राग मानू नका, दरवर्षी दिवाळीच्या तोंडावर अशी यादी घेऊन कुणी ना कुणी येतंच, आणि परत आल्यावर फोटोंत नुसते पार्किंगचे बोर्ड असतात.

भीमगडाचं आधी सांगतो. ते 2011 पासून अभयारण्य आहे, 190 चौरस किलोमीटरचं, त्यामुळे मित्रानं लोकेशन पाठवलं म्हणून गाडी लावून आत शिरलो असं तिथं चालत नाही. परवानगी लागते काय, वाटाड्या मिळतो काय, सध्या कुठपर्यंत सोडतात, हे सगळं घरातल्या एकानं आधीच्या आठवड्यात खानापूरला वनखात्याच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारायचं, फोनवर नको, फोनवर "या की" म्हणतात आणि नाक्यावर वेगळंच निघतं. गड शिवाजी महाराजांनी पोर्तुगीजांवर नजर ठेवायला उभारला, तीन बाजूंनी कडे तुटलेत, आणि आजूबाजूच्या रानात गवा, अस्वल, बिबट्या सगळं आहे. तिथल्याच बारापेडे गुहेत एक दुर्मिळ वटवाघूळ राहतं, 1913 साली शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि पुढं कित्येक वर्षं ते जगात फक्त याच गुहेतलं म्हणून माहीत होतं. परवानगी मिळाली तरी पोरांना घेऊन गुहेत टॉर्च मारायला जायचं नाही. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर कुणी बॅटरी मारली तर आपण काय म्हणतो?

आता खरी गोष्ट, जी इथल्या माणसालाही चालायला लागल्याशिवाय कळत नाही. बेळगाव मुळातच साडेसातशे मीटरवर बसलंय, आपण घाटमाथ्यावरची माणसं. त्यामुळे जांबोटी, कणकुंबी, चोर्ल्याच्या बाजूला बहुतेक वाटा आधी खाली उतरतात आणि परतताना चढ लागतो, म्हणजे सकाळी सगळे ताजे असताना उतार, आणि दुपारी पोटात भाकरी, डोक्यावर ऑक्टोबरचं ऊन, पाणी संपलेलं, तेव्हा चढ. सह्याद्रीत खालच्या गावातून गड चढायची सवय असते त्यांना वाटतं अर्ध्या ताकदीत परत फिरलो की झालं. इथं तसं नाही. उतरायला एक तास लागला तर वर यायला दोन धरायचे, पोरं असतील तर अडीच, आणि त्या हिशोबानं परत फिरायची वेळ सकाळीच ठरवून सगळ्यांना सांगून टाकायची.

म्हणून तुमच्यासाठी पहिला दिवस देवरवाडीचा वैजनाथ आणि वरचा महिपाळगड. आहे चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण बेळगावातून पंधरा किलोमीटरच्या आसपास, आणि देवाला जाताना हद्द कोण बघतो हो. सासूबाईंना गाडीनं देवळापर्यंत नेता येतं, त्या वैजनाथाचं आणि आरोग्य भवानीचं दर्शन घेऊन सावलीत बसतील, बाकीच्यांनी वरच्या वाटेनं गडाकडे निघायचं. महिपाळगडाची गंमत म्हणजे गडाच्या आतच गाव आहे, नांदतं, गोठे, उकिरडे, अंगणात वाळत घातलेलं भात, त्यामुळे पोरांना "किल्ल्यात माणसं राहतात" हे पुस्तकात न वाचता कळतं. इथं आधी चढ, मग उतार, म्हणजे सुरुवातीला बरं.

याच वाटेवर माझी फजिती झालेली आहे. पाचला निघू म्हणत गप्पांत साडेपाच झाले, दिवाळीनंतर सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि झाडीत त्याच्या आधीच काळोख होतो, वाळलेल्या गवतात सगळ्या वाटा सारख्याच दिसायला लागल्या आणि आम्ही गुरांच्या वाटेनं भलत्याच शेतात उतरलो. तिथं एक म्हातारा भाताची राखण करायला माळ्यावर चढत होता, म्हणाला, "गवा येतोय रोज, तुमी कुठं चाललाय अंधाराचं?" आणि कंदील घेऊन रस्त्यापर्यंत सोडायला आला, वर आम्हालाच म्हणाला सावकाश जावा. सुगीच्या दिवसांत गवे आणि अधूनमधून हत्तीसुद्धा पिकात उतरतात, लोक रात्रभर डबे वाजवून, फटाके लावून जागतात. तेव्हा साडेचारला उतरायला लागा, चहा खाली येऊन प्या.

दुसरा दिवस कणकुंबीचा. तिथं माउलीच्या देवळापाशी मलप्रभेचा उगम आहे, खानापुरातून वाहत जाऊन सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते ती हीच नदी, पुढं कूडलसंगमला कृष्णेला मिळते आणि बंगालच्या उपसागराला जाते. आणि तिथून फार लांब नाही, देगावच्या रानात उगम पावणारी म्हादई मात्र पश्चिमेला वळून मांडवी होते आणि पणजीला अरबी समुद्रात शिरते. म्हणजे एकाच डोंगरावरचा पाऊस दोन समुद्रांना वाटला जातो. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोवा कोर्टात भांडतायत ते वेगळं. पोरांना तिथं उभं करून विचारा पावसाचा थेंब इकडं पडला तर कुठं जाईल, तिकडं पडला तर कुठं, अर्धा तास तरी मोबाईल मागणार नाहीत. पुढं चोर्ल्याच्या बाजूला रस्त्यालगत उभं राहून दरी बघा, पठारावर थोडं चाला, दुपारी वर ऊन चढायच्या आत जांबोटीकडे परत फिरा. सासूबाईंना वाटेत हलशी दाखवायची असेल तर तो खानापूरकडून वेगळा फाटा आहे, कदंबांच्या वेळचं भूवराह-नरसिंहाचं देऊळ, दोन गाभारे समोरासमोर, बघण्यासारखं आहेच, पण कणकुंबीच्याच दिवशी कोंबू नका.

वज्रपोहा पावसाळ्यातला, दिवाळीनंतर त्यासाठी रान तुडवण्यात मजा नाही. आणि डब्यात फराळाचे चिवडा-चकली भरून नेऊ नका, तोंडाला मीठ लागतं आणि दहाच्या आत बाटल्या रिकाम्या होतात. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा, आणि कुंदा खायचाच तर घरी आल्यावर.

प्रश्न (कॉलेजचे पाच मित्र, वडगाव) : कॅसलरॉकहून रेल्वे रुळावरून चालत दूधसागर करायचाय. सीनियर्स म्हणतात काही होत नाही, आम्ही नवरात्रात दुर्गामाता दौडीत रोज पहाटे पळलोय त्यामुळे फिटनेसचा प्रश्न नाही.

उत्तर : दौडीत पळलात त्याचं कौतुक आहे, पण दौडीत समोरून मालगाडी येत नाही. त्या घाटात बोगदे आहेत, वळणं आहेत, आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला सरायला किती जागा असते हे एकदा डोळे मिटून मोजा. रुळावरून चालणं हा रेल्वे कायद्यात सरळ गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. 2023 च्या जुलैमध्ये तिथं गेलेल्या ट्रेकर पोरांना पोलिसांनी अडवून उठाबशा काढायला लावल्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. धबधबा 310 मीटरचा, तो कुठं पळून जात नाही. पावसाळा सरला की साधारण ऑक्टोबरात गोव्यातल्या कुळ्याहून जीप सुरू होतात, त्यानं जा, नाहीतर बेळगावातून गोव्याकडे जाणारी दिवसाची गाडी पकडा आणि दारात न लोंबकळता खिडकीतून बघा.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून एक वाचक भगिनी) : गेल्या वर्षीचे ट्रेकिंगचे बूट कपाटात आहेत, नवे घ्यावे लागतील काय? आणि रानात गोचीड चिकटतात त्याचं काय करायचं?

उत्तर : ताई, आधी बूट काढून अंगणात उभे ठेवा आणि सोल अंगठ्यानं जोरात दाबा. आपल्याकडे चार महिने भिंतींना बुरशी येते, त्या दमटपणात न वापरलेल्या बुटाच्या सोलमधला फोम आतून कुजतो, वरून एकदम नवा दिसतो आणि वाटेत दोन तासांत बिस्किटासारखा भुगा होतो. माझ्या एका बुटाचा तळ असाच निम्म्या वाटेत पडला, बाकीचं अंतर मी सुतळीनं बांधून चाललो आणि मागून येणारी पोरं हसत होती. भुगा पडला तर चांभाराकडे दाखवा, बूट वरून धड असेल तर दुसरा सोल बसवून मिळतो. नवे घेतलेत तर आठ दिवस बाजारात भाजीला जाताना घाला, सरळ डोंगरावर नको.

गोचिडांचं मनावर घ्या. दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरी भागात 2015-16 च्या सुमाराला माकडताप आला होता तो या गोचिडांमुळेच, आणि ती रानं आपल्याच रानाला लागून आहेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट, पँट मोज्यात खोचून, फिकट रंगाचे कपडे म्हणजे चढलेली दिसते, पाल्यापाचोळ्यात बसकण मारायची नाही, आणि माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता गावात किंवा वनखात्याला कळवायचं. घरी आल्यावर कपडे दाराबाहेरच काढून गरम पाण्यात, मग काखेत, गुडघ्यामागं, कानामागं नीट बघायचं. चिकटलेली दिसली तर रॉकेल, काडी असलं काही न करता चिमट्यानं अगदी कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. पुढच्या आठ-पंधरा दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना नुसतं "ताप आहे" म्हणू नका, कुठल्या रानात गेला होतात ते गावाच्या नावासकट सांगा.