सायबर तपासाची साधनं पोलिसांसोबत बसून बनवण्यात खरंच अर्थ आहे का? की तयार सॉफ्टवेअर घेऊन ते फक्त वापरायला शिकवावं?

'फक्त वापरायला शिकवावं' हे वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या जुन्या टीम लीडच्या तोंडून दोन वर्षं ऐकलंय. त्याच्या मते पोलिसांना एक मोठं बटण द्यायचं, ते दाबतील, रिपोर्ट निघेल, विषय संपला.

तेव्हा आम्ही तपास अधिकाऱ्यांसाठी एक छोटं साधन लिहीत होतो. डिस्कच्या इमेज, म्हणजे हुबेहूब प्रती, द्यायच्या, ते सगळ्या फाइल्स वेळेनुसार लावून टाइमलाइन काढतं. प्रशिक्षणात सरावाला बनावट केस होती: ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर चोरलेल्या फाइल्स. मागच्या बाकावर एक मॅडम होत्या, अर्धी नोकरी घरफोड्यांच्या तपासात गेलेली. स्क्रीनकडे बघतच नव्हत्या. रिपोर्ट छापून घेतला होता आणि त्यावर पेन्सिलीनं खुणा चालल्या होत्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, "सर, पेनड्राइव्हवरच्या एकाही वेळेत विषम सेकंद नाही. १४, ३८, ०२, ५६. हार्डडिस्कवर दोन्ही आहेत. असं कसं?"

मी ऐटीत सांगायला लागलो. पेनड्राइव्हवर फाइल्स साठवायची पद्धत फॅट३२, त्यात फाइल बदलल्याची वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यानं साठते, म्हणून सम. हार्डडिस्कची पद्धत एनटीएफएस, तिथे १ जानेवारी १६०१ पासून शंभर-शंभर नॅनोसेकंद मोजतात, तेही यूटीसीत, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत. 'यूटीसीत' म्हणालो आणि पुढचं वाक्य घशातच अडकलं. फॅट३२मध्ये यूटीसी नसतंच, कॉम्प्युटरच्या घड्याळातली स्थानिक वेळ तशीच लिहिली जाते. आणि मी दोन्हीकडच्या वेळा एकाच फंक्शनमधून काढल्या होत्या. म्हणजे टाइमलाइनमधली निम्मी रांग काही तास सरकलेली! आमच्या टेस्ट मात्र सगळ्या पास, कारण त्या मीच लिहिलेल्या आणि टेस्टच्या मशीनचं घड्याळही यूटीसीवरच लावलेलं.

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. "हे बचावाच्या वकिलानं कोर्टात विचारलं असतं, तर उत्तर कोणी द्यायचं होतं? तुम्ही की मी?"

तर हो, अर्थ आहे. आणि ही काही नवी टूम नाही. डिलीट झालेल्या फाइल्स परत काढणारं फोरमोस्ट हे साधन अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागातल्या दोन एजंटांनी लिहिलं, आजही वापरतात. युरोपात डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं फ्रीटूल प्रकल्पात पोलिसांकडूनच गरजा समजून घेतल्या आणि तयार साधनं पोलिसांना फुकट दिली. एक्टेग हा युरोपातला सायबर गुन्हे प्रशिक्षणाचा गट अभ्यासक्रमही असाच पोलीस आणि विद्यापीठांना एकत्र बसवून तयार करतो. साधन बनताना जो शेजारी बसला, त्याला ते कुठे चुकतं ते ठाऊक असतं. नुसतं बटण दाबणाऱ्याला रिपोर्ट म्हणजे देववाणी वाटते.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर कॉमेंटमध्ये लोक धरतील. लॉक असलेले नवे फोन उघडायला विकतचीच साधनं लागतात, तिथे घरगुती काम चालत नाही. शिवाय लिहिणाऱ्याची बदली झाली की साधन अनाथ होतं. पहिल्या दिवसापासून दोघांना तरी कोड समजेल असं बघा. आणि विकतचं असो की घरचं, महत्त्वाचा पुरावा दुसऱ्या साधनातून पडताळा.

तुम्ही असा प्रकल्प करणार असाल तर चूक ज्यानं पकडली त्याचा उल्लेख बदलांच्या नोंदीत करा. आमच्याकडे मी मॅडमचा हुद्दा घालून चार ओळी लिहिल्या होत्या. लीडनं त्या काढल्या आणि लिहिलं, 'किरकोळ दुरुस्ती'.