चुंबकात थर्मल हॉल सिग्नल मिळाला म्हणजे टोपोलॉजिकल मॅग्नॉन सापडले, असं धरायचं का? नाशिकहून एमएस्सी करून यात पीएचडी जमेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही. या एका ‘नाही’पायी माझं दीड वर्ष आणि गाइडशी असलेलं बरं नातं गेलं, म्हणून जरा लांबण लागेल.

थर्मल हॉल म्हणजे चुंबकी फील्डमध्ये सरळ जाणारी उष्णता थोडी आडवीही सरकणं. मॅग्नॉन म्हणजे चुंबकातल्या स्पिनांची लाट, आणि तिच्या ऊर्जापट्ट्यांना, म्हणजे बँडना, पीळ असला की ती टोपोलॉजिकल. त्या पिळाचं माप म्हणजे बेरी कर्व्हेचर, ते वगैरे तू वाचलं असशीलच. मॅग्नॉनला भार नाही, त्यामुळे लॉरेंट्झ बलाचा प्रश्न नाही. तरी डीएम इंटरॅक्शनमुळे (शेजारच्या स्पिनांना एकमेकांशी तिरकं वळवणारी ओढ) त्याच्या बँडना असा काही पीळ पडतो की उष्णता आडवी सरकते. 2010 मध्ये टोकियोच्या गटाने ल्युटेशियम व्हॅनेडियम ऑक्साइडमध्ये हे दाखवलं. ते प्रकरण स्वच्छ होतं: इन्सुलेटर, फेरोमॅग्नेट, आणि सिग्नल उठून दिसतो तो साधारण 70 केल्विनच्या खाली, म्हणजे चुंबकी क्रम लागल्यावरच. पण त्याच्या पाच वर्षं आधी टर्बियम गॅलियम गार्नेटमध्येही उष्णता आडवी गेली होती. तिथे ना क्रम, ना मॅग्नॉन. गेले ते फोनॉन, म्हणजे क्रिस्टलमधल्या अणूंच्या थरथरीच्या लाटा. हे दुसरं उदाहरण लोक सोयीने विसरतात. माझे गाइडही विसरले होते.

आमच्याकडे होतं अल्फा रुथेनियम क्लोराइड. 2018 मध्ये क्योटोहून अर्ध्या क्वांटमची बातमी आली (आडवं वहन ठराविक मूलभूत एककाच्या नेमकं अर्धं), भौतिकशास्त्रज्ञ किताएवच्या 2006 च्या मॉडेलातले मायोराना, म्हणजे स्वतःचेच प्रतिकण असलेले कण, हाती लागले म्हणे, आणि ज्याच्या त्याच्या लॅबमध्ये हेच सुरू झालं. क्रिस्टल म्हणजे काळा चकचकीत पापुद्रा, अभ्रकासारखा, दोनेक मिलिमीटरचा. जरा वाकला की आतले थर एकमेकांवरून सरकतात. निफाडला आमची द्राक्षबाग आहे. पॅकिंगच्या वेळी आई घड देठालाच धरते, कारण मण्यावरची पांढरट झाक बोटाने पुसली गेली की व्यापारी भाव पाडतो. लॅबमध्ये मला ‘हलक्या हाताची’ म्हणायचे ते त्याच जोरावर. पापुद्र्याचं एक टोक तांब्याला चिकटवायचं, दुसऱ्यावर हीटर, मध्ये सोन्याच्या तारांनी तीन थर्मामीटर, सिल्व्हर पेंटचे ठिपके. ठिपके कधीच नेमके समोरासमोर बसत नाहीत, म्हणून फील्ड उलटं करून परत मोजायचं आणि दोन्हींच्या फरकाचं अर्धं घ्यायचं. तेव्हा कुठे तो मिलिकेल्विनहून बारीक आडवा फरक खरा मानायचा.

सिग्नल आला. गाइडनी पेढे मागवले.

मी घरी जाऊन आडव्या वहनाचा आलेख साध्या उष्णतावहनाच्या आलेखावर ठेवला. दोघांची टेकडी एकाच तापमानाला, उतारही सारखा. साधी उष्णता वाहून नेणारे बहुतेक फोनॉनच, मग आडवं जाणारं दुसरं कोण असेल? सकाळी म्हटलं, “सर, हे फोनॉन दिसतायत.” ते म्हणाले, “मॅग्नॉनचं मॉडेल बसतंय ना?” बसत होतं. डीएमची किंमत हवी तशी फिरवली की काय बसत नाही! मग मी त्याच पापुद्र्याचं मॅग्नेटायझेशन मोजलं. चांगल्या क्रिस्टलला 7 केल्विनजवळ एकच खाच येते. आमच्याला 14 जवळही होती, म्हणजे थरांची रचना बिघडलेली. यावर ते म्हणाले, “दोन्ही टाकू, वाचणारा ठरवेल.” मी माझं नाव काढायला सांगितलं. त्यांनी काढलं, एका मिनिटात.

2022 मध्ये कॅनडातल्या शेरब्रूकच्या गटाने याच पदार्थाबद्दल नेमका हाच मुद्दा मांडला: आडवं वहन साध्या वहनाच्या मागोमाग चालतं, तेव्हा फोनॉन. मी ती लिंक सरांना पाठवली, सोबत एक शब्दही नाही. दोन निळ्या टिका आल्या. बस.

पीएचडी जमेल, न जमायला काय झालं? नाशिकचं आहे म्हणून मला कुणी अडवलं नाही. (आता गंगापूर रोडला क्लास घेते, ते माझ्या मर्जीने.) फक्त क्रिस्टल वाढवणारा माणूस त्याच इमारतीत बसतो अशी लॅब बघ. आणि मुलाखतीत तूच विचार, उष्णता ज्या तुकड्यावर मोजता त्याच तुकड्याची तपासणी करता का? उत्तरात ‘वाचणारा ठरवेल’ ऐकू आलं तर चहा पिऊन ऊठ.

आता थोडं माझ्याविरुद्धही. आमचा तुकडा खराब होता, यावरून क्योटोचा खराब ठरत नाही. प्रिन्स्टनवाले तर तिसरंच सांगतात: फील्ड बदललं तरी अर्ध्या क्वांटमवर टिकणारा सपाट पट्टा दिसत नाही, पण आकडे फोनॉनऐवजी टोपोलॉजिकल बोसॉनांशी (मॅग्नॉनच्याच जातीच्या लाटांशी) जुळतात. म्हणजे सर ज्या बाजूला होते ती बाजू अजून मेलेली नाही. शिवाय त्या 14 केल्विनच्या खाचेचं म्हणशील, तर तिसरा ठिपका वाळायच्या आत मी तार ओढली होती आणि पापुद्र्याचं टोक केसभर उचललं गेलं होतं. वहीत मी ते लिहिलं नाही. सरांना अजून माहीत नाही.