कळीच्या आत काय घडतं?

प्रश्न : मेम्ब्रेन कीबोर्डवर कळ पार तळाला नेल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकलवरही तसंच होतं का?

उत्तर : नाही. मेम्ब्रेनमध्ये प्लॅस्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या-खालच्या पापुद्र्यावर वीजवाहक रेघा छापलेल्या, मधल्याला कळीच्या जागी भोक. रबरी घुमटी खचून वरचा पापुद्रा त्या भोकातून खाली टेकवते, तेव्हा कुठे अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक कळीला स्वतःचा स्विच असतो : स्प्रिंग, वरखाली सरकणारा दांडा आणि धातूच्या दोन पट्ट्या. कळ वर असताना दांडा या पट्ट्यांना अलग धरून ठेवतो. तो खाली सरकला की त्या जुळतात. चेरी कंपनीच्या एमएक्स रेड या स्विचमध्ये दांडा एकूण ४ मिमी सरकतो, पण अक्षर २ मिमीलाच उमटतं. अर्थात सवयीने कळा आपटत राहिलात, तर बोटांना फारसा आराम नाही.

प्रश्न : निळ्या स्विचची (दाबताना मुद्दाम टकटक करणाऱ्या प्रकाराची) टकटक कळांच्या टोप्यांत रबरी कड्या घालून थांबेल?

उत्तर : थांबणार नाही. कड्या फक्त तळाला आपटण्याचा आवाज दाबतात. टकटक वाटेतच होते, दांड्यावरचा सुटा भाग झटक्याने खाली येतो तेव्हा. आवाज नको तर स्विचच बदला.

प्रश्न : मेकॅनिकल कीबोर्डवर ‘क’ एकदा दाबला की ‘कक’ उमटतं. काय करावं?

उत्तर : धातूच्या पट्ट्या जुळताना काही क्षण थरथरतात. कीबोर्ड तेवढे काही मिलिसेकंद सोडून देतो. पण पट्ट्यांवर धूळ किंवा गंज असला की थरथर लांबते आणि दुसरी दाब मोजली जाते. आधी केबल काढा. स्विच सॉकेटमधून निघणारे असतील, तर चिमट्याने दोन्ही बाजूंचे खटके दाबून स्विच सरळ वर ओढा आणि शेजारच्याशी अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर सरकला तर नवा स्विच. जागेवरच राहिला तर सॉकेट तपासा. बसवताना पिना सरळ आहेत ना, हे आधी पाहा. वाकलेली पिन स्विचखाली दुमडते, मग कळ पूर्णच मुकी होते. शिवाय पाच पायांचा स्विच तीन भोकांच्या सर्किटच्या पाटीवर बसत नाही. प्लॅस्टिकचे दोन जादा पाय कापले की बसतो.

स्विच पाटीवर डाग देऊन (सोल्डर करून) पक्के केलेले असतील, तर टोपी काढून, दांडा दाबून धरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब आत सोडा, कळ पन्नासेक वेळा दाबा आणि पूर्ण वाळल्यावरच केबल जोडा. तेल मात्र सोडू नका. पट्ट्यांवर गेलं की दुखणं वाढतं.