शांततेची आंदोलने राष्ट्राची राजकीय ओळख घडवतात का?

शांततामय आंदोलनांमुळे सरकारचा एखादा निर्णय बदलतो एवढेच होते, की त्यातून राष्ट्राची राजकीय ओळखही घडते, असे आपण विचारले आहे. मी बेळगावचा. दर १ नोव्हेंबरला आमच्या शहरात एकीकडे लाल-पिवळ्या झेंड्यांची कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसरीकडे बेळगाव महाराष्ट्रात यावे अशी मागणी करणाऱ्या मराठी सीमावासीयांची, दंडाला काळ्या फिती बांधलेली सायकल फेरी. लहानपणी वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून मी त्या फेरीत गेलो आहे, तेव्हा माझे उत्तर अगदी तटस्थ असेल असे समजू नये.

ओळख घडते, असे माझे मत आहे. आणि मागणी मान्य होते की नाही यापेक्षा ती कोणत्या रीतीने केली जाते यावर ते अधिक अवलंबून असते. डिसेंबर १९२४ मध्ये टिळकवाडीत काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधीजींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. सभासदत्वासाठी चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, असा नियम तेथे झाला. तो वर्षभरही टिकला नाही. टिकली ती त्याआधीची, १९२० च्या नागपूर अधिवेशनातली योजना: इंग्रजांनी आखलेल्या इलाख्यांच्या सीमा बाजूला ठेवून काँग्रेसने आपल्या प्रांतिक समित्या भाषावार केल्या. असहकार खेड्यापर्यंत न्यायचा तर त्या खेड्याच्या भाषेत बोलावे लागणार, हे त्यामागचे साधे कारण होते. म्हणजे स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी चळवळीने आपल्यापुरता देशाचा वेगळा नकाशा काढला, आणि त्या नकाशात बेळगाव कर्नाटक प्रांतात होते. कन्नड बांधव १९२४ चा अभिमानाने उल्लेख करतात तो उगीच नव्हे.

स्वातंत्र्यानंतर दिल्ली भाषावार प्रांतांबाबत कचरू लागली, तेव्हा लोकांनी चळवळीचीच हत्यारे तिच्यासमोर धरली. तेलुगू भाषकांच्या वेगळ्या राज्यासाठी बसलेल्या पोट्टी श्रीरामुलू यांचा डिसेंबर १९५२ मध्ये उपोषणात अंत झाला आणि १ ऑक्टोबर १९५३ रोजी आंध्र राज्य अस्तित्वात आले. भारत हा अनेक भाषिक राज्यांचा संघ आहे, ही आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी ओळख अशी सत्याग्रहातून आली.

आमच्या वाट्याला मात्र तिचा अपुरा भाग आला. १७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात मराठी आंदोलकांवर गोळीबार झाला. तो हुतात्मा दिन आम्ही आजही पाळतो. पुढे सत्याग्रह झाले, महाराष्ट्र एकीकरण समितीने निवडणुका लढवल्या, १९६६ मध्ये सेनापती बापट उपोषणाला बसले आणि सीमावादाच्या निवाड्यासाठी महाजन आयोग नेमला गेला; त्याचा अहवाल महाराष्ट्राने नाकारला. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. इतक्या वर्षांत मागणी पुरी झाली नाही, तरी राज्यावर नाराज असलेला माणूस दाद मागायला देशाच्याच संसदेकडे आणि न्यायालयाकडे जात राहिला. राज्य बदलून द्या असे आम्ही म्हणतो, देश बदलून द्या असे म्हणत नाही. माझ्या मते भारतीय असण्याचा तो एक पुरावाच आहे, भले कागदपत्रांनी फुगलेला.

एक गोष्ट मात्र आम्हा सीमावासीयांच्या बोलण्यात मागे पडते. १९८१ मध्ये निपाणीचे तंबाखू उत्पादक शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले होते. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि बारा शेतकरी मृत्युमुखी पडले. तेथे बसलेल्यांना मराठी की कन्नड असे विचारण्याचे कारणच नव्हते, कारण व्यापारी दोघांचाही माल सारख्याच पडत्या भावाने घेत असे. माझ्या घरी हुतात्मा दिनाची तारीख पोरासोरांनाही पाठ होती. ६ एप्रिल मला चाळिशीनंतर कळला.