घोडीच्या गळ्याखालची सूज

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आमची मेंढरं निपाणीजवळ एका शेतात बसवली आहेत. पहिल्या पावसानंतर एका रात्रीत दोन मेली. आदल्या सांजेला चांगली चरत होती. एकाच्या नाकातून काळं रक्त आलं. ते पुरलं, दुसरं पाहुण्यांनी सोलून नेलं. आता बिऱ्हाड वाहणाऱ्या घोडीच्या गळ्याखाली, छातीला सूज आहे. पोट दुखतं, लोळते. घोड्याला फऱ्या होतो का?
– एक मेंढपाळ

उत्तर : मासिक छापून येईपर्यंत घोडी थोडीच थांबणार! म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन केला. बाकीच्यांसाठी इथं लिहितो.

हा फऱ्या, म्हणजे जनावरांचा फरा सुजवणारा रोग, नव्हे. संशय फाशीचा, म्हणजे अँथ्रॅक्सचा आहे. आपल्या सीमाभागात नावांचा घोळ फार. दवाखान्यात कन्नडमध्ये ‘चप्पे’ म्हणतात तो फऱ्या. ‘नेरडी’ म्हणजे फाशी. चप्पेची लस झाली की लोक निर्धास्त होतात, पण फाशीची लस निराळी. जिथं हा रोग पूर्वी झालाय तिथं ती दरवर्षी, पावसाळ्याआधी टोचायची.

मेंढरू काही तासांत जातं. घोडं बहुधा दोन-चार दिवस काढतं, तेवढीच आपल्याला सवड. पेनिसिलिन वेळेत मिळालं तर वाचू शकतं. पोटशूळ समजून काढे पाजत बसलात तर गेलं. आणि औषध चालू असताना लस टोचू नका. ती जिवंत जंतूंची असते, औषधानं वाया जाते.

मला खरी काळजी सोललेल्या मेंढराची. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अथणीकडे एक म्हैस उभ्याउभ्या कोसळली. कारण शोधायच्या हौसेनं मी सुरी लावली. पाणथरी (प्लीहा) भलतीच फुगलेली, रक्त डांबरासारखं, गोठायचं नाव नाही. चौथ्या दिवशी मनगटावर डास चावल्यासारखी पुळी, मग पाण्याचा फोड, मग मधोमध कोळशासारखी खपली. काळपुळी! माणसातली फाशी ती. दुखत नव्हती, म्हणून मी शहाणा दोन दिवस तसाच हिंडलो. घड्याळाच्या पट्ट्याखाली वण अजून आहे.

न चिरलेल्या मढ्यात हे जंतू कुजण्याबरोबर थोड्या दिवसांत मरतात. चिरलं, हवा लागली, की त्यांचे बीजाणू होतात आणि मातीत कित्येक दशकं टिकतात. म्हणून निदानासाठी आम्ही कानाच्या शिरेतला रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो, पोट फाडत नाही.

१९६२ वर फोन करून सरकारी डॉक्टरांना बोलवा. पुरलेल्या जागेवर काट्या टाका. खड्डा सहा फुटांपेक्षा उथळ असेल तर तेही त्यांना सांगा. मेंढरं त्या शेतातून हलवा. पाहुण्यांना म्हणावं मटण खाऊ नका, कातडं विकू नका. ज्यांचे हात लागले त्यांनी आजच दवाखाना गाठावा. आणि शेतमालकाला सांगायला लाजू नका. तो चिडेल, चार शब्द बोलेल. पण त्या जागेवरचं गवत उद्या त्याच्याच बैलांच्या दावणीत पडणार आहे.