नाक्यापलीकडचा बंब

पोरी,

तुझा मेसेज वाचला. शेजारच्या महापालिकेबरोबरच्या आपत्कालीन सहकार्य कराराचा मसुदा तुझ्याकडे आलाय आणि वरून सांगितलंय, "जुना फॉरमॅट घे, नावं बदल." एवढ्यावर थांबू नकोस.

हद्दीवरच्या एका नाक्यावरची रात्र मला अजून आठवते. आग आमच्या बाजूला, पण जवळचं केंद्र पलीकडच्या पालिकेचं. वर्दी दिली, बंब आला, जवान उतरले. त्यांचा अधिकारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, माझ्या पोरांना काही झालं तर आम्ही इथं कुणाच्या हुकमावरून आलो, असं लिहायचं?" मी नुसतं "बघू आपण" म्हणालो. त्यानं तरीही माणसं आत घातली. तो त्याचा मोठेपणा. ते उत्तर आधीच लिहून ठेवणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं.

मदतीला कुणी नाही म्हणत नाही, पोरी. अडतं ते हुकूम कुणाचा, डिझेलचं बिल कुणाच्या नावावर आणि जवान जखमी झाला तर त्याच्या घराचं कोण बघणार, इथं.

अमेरिकेतल्या राज्यांचा आपत्तीत एकमेकांना मदत करायचा 'इमॅक' नावाचा करार आहे, 1996 मध्ये तिथल्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, मान्य केलेला. तो मुळातून वाच. खर्च मागणाऱ्या राज्यानं भरून द्यायचा. आलेली तुकडी आपल्याच अधिकाऱ्याच्या हाताखाली राहणार, पण कुठं काय करायचं ते यजमान ठरवणार. जखमींची भरपाई ज्यानं त्यानं आपल्या माणसांना द्यायची, जणू ती घरीच कामावर होती. 2005 मध्ये कतरिना आणि रीटा वादळांच्या वेळी याच करारावर सुमारे 66 हजार माणसं दुसऱ्या राज्यांतून गेली. आपले कायदे वेगळे, म्हणून शब्द उचलू नकोस. प्रश्न मात्र सगळे उचल.

त्यातलं एक कलम आपल्याकडे लिहायला संकोच वाटतो: स्वतःच्या घराला लागेल तेवढं मागे ठेवायची मुभा. ते लिहीच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा ठाणे, कल्याण, बदलापूरही पाण्यात होतं. शेजारी आपल्याबरोबरच बुडतो. म्हणून नाक्यापलीकडच्याशी करार कर, पण घाटावरच्या एखाद्या शहराशीही बोलणी सुरू करायला वरिष्ठांच्या मागे लाग. पुणे, नाशिक, कुणीही चालेल. तिथून गाड्या यायला वेळ लागेल, पण त्या कोरड्या रस्त्यावरून निघतील.

आणि सह्या झाल्या की फाइल बंद करू नकोस. 1904 मध्ये बाल्टिमोर जळत होतं तेव्हा इतर शहरांचे बंब रेल्वेनं पोचले, पण पुष्कळांच्या होजचं कपलिंग, म्हणजे पाइप जोडायचा सांधा, तिथल्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठीच्या रस्त्यावरच्या नळाला, बसेना. दीड हजारांवर इमारती गेल्या. आपल्याकडे कपलिंगला भारतीय मानक आहे, पण कागदावरचं मानक आणि गाडीवरचं घासलेलं कपलिंग यांत फरक असतो.

तेव्हा पावसाळ्याआधीच्या एखाद्या रविवारी सकाळी दोन्हीकडच्या एकेक गाडीला नाक्यावर बोलाव. त्यांचा होज आपल्या पंपाला लाव, पाणी सोड, सांध्यातून गळतंय का ते स्वतः हात लावून बघ. त्यांच्या वॉकीटॉकीवरून आपल्या कंट्रोल रूमशी बोलून बघ. दोन्हीकडच्या ड्रायव्हरांना एकत्र चहा पाज, एकमेकांचे नंबर घ्यायला लाव. मला आदल्या दिवशी कळव, मी येतो.

तुझा,
काका