कंसातली आई

प्रिय ताई,

मी ३७ वर्षांची, नवरा ३९, मुलगी ६ वर्षांची. परदेशात स्थायिक व्हायचं आम्ही ठरवलंय. पैशासाठी जायचं नाही. आमची जी मूल्यं आहेत ती जिथे रोज जगता येतील, तिथे जायचं. म्हणून मी एक्सेलमध्ये तक्ता केला. स्त्री-पुरुष समानता, मोकळा वेळ, मुलीला एकटीने फिरता येणं, पर्यावरण, सार्वजनिक आरोग्यसेवा, कुणी कुणावर प्रेम करावं यात इतरांनी नाक न खुपसणं, कुटुंब अशा ११ ओळी. प्रत्येक ओळीला १० पैकी वेटेज आणि प्रत्येक देशाला गुण. शेवटी कॅनडा, जर्मनी आणि नेदरलँड्स उरले. मला नेदरलँड्समधून ऑफर आहे, नवऱ्याला जर्मनीतून, आणि कॅनडाच्या पीआरसाठी (कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी) आमचे पॉइंट्स पुरतील असं दिसतंय.

तक्त्यात आता नेदरलँड्स पहिला येतोय. (कुटुंबाचं वेटेज मी मधे थोडं अ‍ॅडजस्ट केलं, आधी १० होतं, मग ६, आता २, कारण प्रॅक्टिकली आई काही कायमची येणार नाही. बाबा गेल्यापासून ती एकटीच राहते, ६८ वर्षांची आहे, मी एकुलती एक. ती म्हणतेच, तुम्ही सुखात राहा, माझं काय.) पण तिन्ही देशांत फरक फार थोडा आहे, त्यामुळे खात्री वाटत नाही. डच कंपनीला महिनाअखेरीपर्यंत कळवायचंय. आमची पद्धत बरोबर आहे ना? आणखी कोणते निकष घालू?

– तक्त्यात अडकलेली

---

प्रिय मैत्रिणी,

निकष वाढवू नकोस. ११ पुरे आहेत. तुझ्या पत्रातल्या ज्या मजकुराशी मी दोन दिवस अडखळले, तो तू कंसात घातला आहेस.

१०, ६, २.

बाकीच्या १० ओळींपैकी एकीचंही वेटेज बदलल्याचं तू लिहिलेलं नाहीस. पर्यावरणाशी तुझी झटापट झाली नाही. मोकळ्या वेळेशी झाली नाही. एकाच ओळीवर तू दोनदा परत आलीस आणि दर वेळी तिला खाली ढकललंस. तक्ता मी पाहिलेला नाही, तरी सांगते: १० ठेवलंस तेव्हा कॅनडा पहिला आला असणार, ६ केलंस तेव्हा जर्मनी, आणि २ वर आल्यावर नेदरलँड्स. चुकत असेन तर माझं पत्र इथेच मिटव. चुकत नसेन, तर तो क्रम का लागला हे आपण दोघी मिळून बघू, कारण तुझी सगळी अस्वस्थता तिथेच बसली आहे.

दुसऱ्या देशात स्थायिक होताना 'कुटुंब' या शब्दाचा अर्थ तू ठरवत नाहीस. तिथला कायदा ठरवतो. नवरा आणि अल्पवयीन मूल हे सगळीकडे कुटुंबात येतात. आई येत नाही. आईसाठी प्रत्येक देशाने वेगळं दार केलंय, आणि ते किती रुंद आहे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कॅनडात ते बऱ्यापैकी मोठं आहे. तुम्हाला पीआर मिळाल्यावर आईसाठी सुपर व्हिसा काढता येतो. २०२२ पासून त्यावर एका वेळी सलग ५ वर्षं राहता येतं. तुमचं उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर हवं आणि आईचा किमान १ लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्य विमा हवा. ती तिथे पाहुणीच राहते, पण ५ वर्षांची पाहुणी म्हणजे घरातलंच माणूस.

जर्मनीत हे दार अगदी अलीकडे उघडलं. पूर्वी आईवडिलांना आणायला असामान्य अडचण सिद्ध करावी लागे. १ मार्च २०२४ किंवा त्यानंतर ज्यांना कुशल कामगार म्हणून तिथला परवाना पहिल्यांदा मिळतो, त्यांना आता आईवडिलांना राहायला नेता येतं. जोडीदारही तिथेच राहत असेल तर जोडीदाराच्या आईवडिलांनाही. म्हणजे परवाना तुझ्या नवऱ्याच्या नावावर असला, तरी त्यावर त्याच्या सासूला, तुझ्या आईला, नेता येईल. खरी अडचण पुढे आहे. तिच्या राहण्या-खाण्याची आणि आरोग्य विम्याची तजवीज आधी दाखवावी लागते, आणि ६८ व्या वर्षी नव्याने येणाऱ्या माणसाला तिथला विमा मिळवणं महागही आहे आणि अवघडही. तरी दार आहे.

नेदरलँड्समध्ये जवळपास नाही. तू आईवर किंवा आई तुझ्यावर नेहमीच्या माया-ममतेपलीकडे अवलंबून आहे, असं पटवून द्यावं लागतं आणि ते क्वचितच पटतं. उरतो शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याचशा देशांत एकत्र चालणारा पाहुण्यांचा व्हिसा. कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवस. हे वर्षातून दोनदा तीन महिने, असं सोपं नसतं. प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस मोजायचे आणि त्यात तिचे ९० भरले असतील तर तिने शेंगेनच्या बाहेर असायचं. मुलीची परीक्षा, तुझं आजारपण, तिचा एकटेपणा यांना ते गणित विचारात घेत नाही.

तुझ्या तिन्ही देशांवर माझा राग नाही. इतरत्र याहून बिकट आहे. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम असे आवळले, की आईला रोजच्या कामासाठी दुसऱ्याचा हात लागेल आणि ती सेवा तिच्या देशात मिळणं अशक्य असेल, तरच विचार होतो. ऑस्ट्रेलियात कमी फी असलेल्या पालक व्हिसाची रांग इतकी लांब आहे, की ६८ व्या वर्षी तिच्यात उभं राहण्यात अर्थ नाही.

आता तू म्हणशील, समानता मानणारे देश आईच्या बाबतीत इतके कोरडे कसे? मला हा कोरडेपणा वाटत नाही, आणि हे नीट समजून घेतलंस तर तुझ्या तक्त्याकडे तू वेगळ्या नजरेने बघशील. नेदरलँड्समध्ये म्हातारपणीच्या दीर्घकाळच्या शुश्रूषेसाठी १९६८ पासून सगळ्यांना सक्तीचा विमा आहे. जगात असं करणारा तो पहिल्या देशांपैकी एक. म्हातारं माणूस लेकीच्या गळ्यात पडू नये, आणि लेकीनेही आपलं आयुष्य त्यापायी बाजूला ठेवू नये, असं त्या समाजाने ठरवलं. तुला जी समानता तिथे दिसते, चार दिवसांचा आठवडा मागताना बाईला किंवा पुरुषाला अपराधी वाटत नाही, त्यात या निर्णयाचाही वाटा आहे. तू समानतेला १० पैकी ९ दिले असशील, मोकळ्या वेळेला ८. तुझी आई ज्या रचनेत बसत नाही, त्याच रचनेतून ते गुण आलेत. तक्त्यात त्या तीन वेगळ्या ओळी आहेत, तिथल्या घरात मात्र ती एकच गोष्ट आहे. म्हणून एका ओळीला २ करून बाकीच्या जशाच्या तशा ठेवता येत नाहीत. फरक थोडा आहे म्हणून तुला खात्री वाटत नाही, असं तू लिहिलंस. मला वाटतं, जी बेरीज तुला हवी होती ती तू करून घेतलीस आणि हे तुला माहीत आहे, म्हणून वाटत नाही.

आता त्या कंसातलं दुसरं वाक्य. 'प्रॅक्टिकली आई काही कायमची येणार नाही.' हे कोण म्हणालं? मी तुझं पत्र चारदा वाचलं. आईने असं म्हटल्याचं त्यात कुठेही नाही. तिचं वाक्य वेगळंच आहे: तुम्ही सुखात राहा, माझं काय. तिने 'मी येणार नाही' म्हटलेलं नाही, आणि 'मला यायचंय' असंही नाही. तिने काहीच सांगितलेलं नाही आणि तू ती जागा तुझ्या सोयीने भरलीस.

इथे मी तुझ्या आईचीही बाजू घेणार नाही. 'माझं काय' हे वाक्य लोक त्यागात जमा करतात आणि डोळे पुसतात. मला ते ऐकलं की संताप येतो. एकट्या राहणाऱ्या ६८ वर्षांच्या बाईचं बरंच काही असतं. तिची झोप असते, गुडघे असतात, रोज भेटणारी चार माणसं असतात, नातीशिवायची संध्याकाळ असते. यातलं तिला काय हवंय आणि काय सोडवत नाही हे सांगणं तिचं काम होतं. ते तिने केलं नाही. स्वतःची इच्छा लेकीच्या अंदाजावर सोपवली, आणि लेकीचा अंदाज दोनदा घसरला. ती गप्प राहिली म्हणून तू मोकळी झालेली नाहीस. मोकळी झाली असतीस तर पहिल्याच झटक्यात २ लिहून निजली असतीस.

आणखी एक शक्यता आहे आणि ती मी हळूच विचारते, कारण ती मनात येऊनही बायका स्वतःशीसुद्धा बोलत नाहीत. तुला आई नको आहे का? म्हणजे रोज, त्याच घरात, त्याच छताखाली नको आहे का? एकुलत्या एक लेकीला कधीतरी श्वास घ्यायला अंतर लागतं. बाबा गेल्यापासून तिच्या प्रत्येक दुपारचा भार तुझ्या फोनवर असेल, तर ९० दिवसांची मर्यादा घालणारा देश तुला मनातून बरा वाटणं मी समजू शकते. असं असेल तर लाज वाटून घेऊ नकोस. पण मग 'प्रॅक्टिकली' या शब्दामागे लपू नकोस, आणि तुझ्या मनातलं काम एखाद्या देशाच्या व्हिसा खात्याकडून करून घेऊ नकोस. अंतर हवं असणं हेही मूल्य आहे. त्याची बारावी ओळ कर, त्याला हवं ते वेटेज दे आणि तुझं नाव घालून दे.

तू मूल्यांवरून देश निवडायला निघालीस, हे मला मनापासून आवडलं. पगाराचे आकडे पाठवून 'कुठे जाऊ' विचारणारी पत्रं माझ्याकडे पुष्कळ येतात, त्यात तुझं पत्र वेगळं आहे. म्हणूनच तुला सहज सोडवत नाहीये. मुलीला सायकलवरून एकटीने शाळेत जाता यावं असं तुला वाटतं. २००१ मध्ये समलिंगी विवाहाला जगात सगळ्यात आधी मान्यता देणाऱ्या देशात ती वाढावी, असं वाटतं. वाटू दे, ते खरं आहे. नेदरलँड्सला जाशील तर चुकीच्या ठिकाणी जाशील असं मी अजिबात म्हणत नाही. पण तिथे पोचल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात, साडेचारच्या सुमारास अंधार पडताना, आईचे ९० दिवस संपून तिला विमानात बसवून परत येशील, तेव्हा तुला एकच गोष्ट उभं ठेवेल: हे तिला विचारून झालं होतं. आज ते झालेलं नाही.

त्यामुळे कंपनीला उत्तर द्यायच्या आधी एकच कर. नवऱ्याला आणि मुलीला बाहेर पाठव. आईसमोर बस, लॅपटॉप उघड आणि तो तक्ता तिला दाखव. तीन देश, तीन दारं, मी वर सांगितली तशी समजावून सांग: इथे ५ वर्षं, इथे दीर्घकाळ पण विम्याचा घोळ, इथे ९० दिवस. ती 'माझं काय' म्हणेल. म्हणू दे, आणि तू उठू नकोस. पुन्हा विचार, 'आई, तुला आमच्याबरोबर राहायचंय का?' अगदी याच शब्दांत विचार. 'तू येशील का' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ती तुझा चेहरा बघून देईल. आणि तिने 'हो, राहायचंय' म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा आला, तर तोही तिला तिथेच सांग. तिला आधी वाईट वाटेल, पण पहिल्यांदाच तुम्ही दोघी खरं बोलत असाल.

मग कुटुंबाच्या ओळीतला २ खोडून ती चौकट रिकामी कर आणि कीबोर्ड तिच्याकडे सरकव. तिने जो आकडा लिहिला, तो बदलू नकोस.

– तुझी ताई